काळी चारमधलं हेलिकॉप्टर

"डोकं खाली घे," हे आत्या माझ्याशी बोलल्या ते पहिले शब्द.

मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. देवासच्या एका औषध कारखान्यात मला नोकरी लागली होती. साताऱ्याहून आदल्याच दिवशी आले होते, आणि कारखान्यातल्या एकाने टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतला हा पत्ता दिला होता. "मराठी बाई आहेत, एकट्या राहतात, हार्मोनियम शिकवतात. थोड्या अलग आहेत," एवढंच तो म्हणाला होता. मी डोकं खाली घेतलं. केसांवरून जोराचा वारा गेला आणि माझ्या हाताएवढ्या लांबीचं एक लाल हेलिकॉप्टर समोरच्या कठड्याला धडकून गच्चीवर आडवं झालं. त्याचं शेपूट मोडून लोंबत होतं.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सत्तरीला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला रिमोट. अंबाड्यात फूल असतं त्या जागी बारीक स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला.

"ते तुझ्या अंगावर येत नव्हतं. तू त्याच्या वाटेत आलीस," त्या म्हणाल्या. हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटत होता. मग जरा थांबून, "खोली बघायला आलीस ना? बघ. नळाला सकाळी पाणी येतं. जेवण माझ्याकडे करशील तर कर. मी आत्ता हिच्याजवळ बसते."

"हिच्याजवळ" म्हणजे हेलिकॉप्टरजवळ. त्या मांडी घालून बसल्या आणि मोडक्या शेपटीवरून असा हात फिरवू लागल्या, की मी खोली बघितलीच नाही. सरळ सामान आणून टाकलं.

सगळी वस्ती त्यांना आत्या म्हणायची. मराठी घरं, माळवी घरं, शेवेच्या दुकानातला शेठ, वीज दुरुस्त करायला येणारा माणूस, सगळे. आत्यांचे पूर्वज देवासच्या दरबारात वादक म्हणून आले आणि इथलेच झाले. आत्यांची मराठी त्यामुळे अजब होती. त्या बाथरूमला न्हाणी म्हणत, जेवायला "पानं घेतली आहेत" असं सांगत, आणि लगेच पुढच्या वाक्यात "अपन जरा बाजार जाऊन येतो" असंही म्हणत. माझ्या सातारी बोलण्याची त्यांना मौज वाटायची. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सातारकरीण करून टाकलं, आणि माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही.

हेलिकॉप्टर त्यांच्याकडे आलं ते माझ्या आधीच्या भाडेकरूमुळे. तो इंजिनियर होता. बदली झाली तेव्हा मोडलेलं हेलिकॉप्टर खोक्यात घालून तो म्हणाला, "आत्या, हे फेकून द्या, याचं काही होत नाही." आत्यांना हे वाक्य मानवलं नाही. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं फाटक्या भात्याच्या, गंजक्या सुरांच्या पेट्या येत, आणि प्रत्येकजण हेच म्हणत असे. त्या पेटी उघडत, एकेक पितळी सूर काढून घासत, फुंकून बघत, परत बसवत. तसंच त्यांनी हेलिकॉप्टर उघडलं. आत मोटर निघाली, दाते झिजलेलं एक चक्र निघालं, पाती तिरकी करणारे तीन छोटे हात निघाले. "पेटीपेक्षा सोपं आहे," त्या मला म्हणाल्या. "पेटीत सदतीस सूर. इथे दोनच. एक डोक्यावरचा, एक शेपटीचा. दोघं जुळले की उडतं."

मला वाटलं, त्या उपमा देतायत. तसं नव्हतं. आत्या हेलिकॉप्टर खरोखर कानाने दुरुस्त करायच्या. हवेत चढवायच्या, डोळे मिटायच्या (मी घाबरून भिंतीला चिकटायचे) आणि ऐकायच्या. "काळी चारला बोलत होती, आता पांढरी पाचला घसरली. ताण पडतोय. चक्र घासतंय कुठेतरी." उतरवून बघावं तर खरंच चक्राचे दोन दात गेलेले असायचे. काळी चार ही पेटीवरची पट्टी. तीत त्या स्वतः गायच्या. आपलं यंत्रही त्याच पट्टीत बोलतं याचा त्यांना इतका अभिमान होता, की पाहुण्यांना चहाच्या आधी तेच सांगायच्या.

शिकवण्या पुढच्या खोलीत चालत. सारेगमपधनिसा म्हणणारी मुलं समोर बसलेली, आणि आत्यांच्या मांडीवर हेलिकॉप्टर. एका हाताने ताल, दुसऱ्या हातात पातं. पात्यांचं वजन सारखं असावं लागतं, नाही तर सगळं यंत्र थरथरतं. आत्या दोन्ही पाती सुईवर तोलून बघत आणि हलक्या पात्याला टिकली चिकटवत. तीही पुरली नाही तर आणखी एक. स्वतःला त्या कधी टिकली लावत नसत, लग्न केलं नव्हतं आणि आवडही नव्हती. पण कोपऱ्यावरच्या बांगडीवाल्याकडून निरनिराळ्या आकाराच्या टिकल्यांची पाकिटं आणत. तो एकदा मला हळूच म्हणाला, "दीदी, आत्याचं लगन-विगन ठरलं काय?"

बॅटरी चार्ज करायची ती वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, आणि त्या वेळी आत्या समोरून हलत नसत. दारात कुणी आलं तरी बसल्या जागेवरून ओरडून सांगत, "भिया, नंतर या, बॅटरी लावली आहे." एकदा मी म्हटलं, तुम्ही जा, मी बसते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दूध आणि बॅटरी, दोघींकडे पाठ करायची नाही. तुझं दूध परवा उतू गेलं होतं." विषय संपला.

सुरक्षेच्या बाबतीत एरवीही त्या कडक होत्या. पाती फिरायला लागली की बोटं तोडू शकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्याची खूण होती. म्हणून उडवण्याआधी गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानावर रांगोळीने मोठं वर्तुळ काढत. त्याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही. "पाती फिरतात तोवर मी कुणाची आत्या नाही," असं त्या जाहीर करत, आणि मैदानावरची क्रिकेट खेळणारी मोठी मुलंसुद्धा चेंडू वर्तुळात गेला तर लांब उभं राहून वाट बघत.

मी आले त्या दिवशी मोडलेलं शेपूट त्यांनी बसवलं ते टीव्हीच्या जुन्या अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी कापून. मूळ शेपटीपेक्षा ते बोटभर लांब झालं. "आता दिसायलाही ऐटदार झालं," त्या म्हणाल्या. पण देवासचा वारा. टेकडीवरून उतरतो आणि सरळ गच्चीवर येतो. जुन्या मोटरला तो झेपेना. हेलिकॉप्टर वर जायचं आणि वाऱ्यात पतंगासारखं वाहत जायचं. मग आत्यांनी ताकदवान मोटर मागवली, तिचा वेग सांभाळणारी सर्किटची पट्टी मागवली, आणि तीन संध्याकाळी खपून दोन्ही बसवलं.

त्या पहिल्या उड्डाणाला मी हजर होते. हेलिकॉप्टर हातभर वर आलं आणि भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरायला लागलं. इतकं जोरात, की ते लाल आहे एवढंच कळत होतं. आत्यांनी मोटर बंद केली. ते पडलं आणि पडल्यावरही दोन गिरक्या मारून थांबलं.

मी हसू दाबत होते. आत्यांनी दाबलं नाही. त्या खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "सातारकरीण, चूक कळली. मी डग्गा मोठा केला आणि तबला तोच ठेवला. डोक्याची ताकद वाढली, शेपटीची नाही. शेपूट बिचारी थोपवणार कशी?" दुसऱ्या आठवड्यात शेपटीलाही मोठी मोटर लागली. मग मात्र हेलिकॉप्टर वाऱ्यात असं स्थिर उभं राहिलं, जसं कुणी हवेला खुंटी ठोकून त्यावर टांगलं आहे. आत्यांनी त्या दिवशी शिकवण्या बंद ठेवल्या आणि वस्तीला पोहे-जलेबी खाऊ घातली.

याच सुमारास धारहून लग्नाचं आमंत्रण आलं.

धारला आत्यांचे धाकटे भाऊ राहत. साठीला आलेले, सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, पण आत्यांसाठी अजून "बाळ". त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मनावर नावाच्या गावातल्या एका मराठी घरात ठरलं होतं. कापसाचा मोठा व्यापार असलेलं घर. आमंत्रणापाठोपाठ बाळकाकांचा फोन आला. आत्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण हातात पातं होतं.

"ताई, तू चार दिवस आधी ये. पण एक विनंती आहे. ते यंत्र आणू नकोस."

"का रे?"

"का म्हणजे? वास्तुशांतीला काय झालं आठवतं ना?"

आठवत होतं. मलाही सांगून झालं होतं. बाळकाकांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आत्यांनी अंगणात हेलिकॉप्टर उडवलं, आणि त्याच्या वाऱ्याने ताटांतलं सगळं हळदकुंकू उडून पाहुण्यांच्या अंगावर गेलं. गुरुजी पांढऱ्या धोतरात आले होते, ते लाल धोतरात गेले.

"मोठ्या घरी मुलगी जातेय, ताई. लोक हसतील."

आत्या म्हणाल्या, "बरं. यंत्र आणणार नाही. शब्द दिला."

फोन ठेवल्यावर त्यांनी पातं बाजूला ठेवलं आणि बराच वेळ त्या पेटीवर नुसता षड्ज धरून बसल्या. त्या रुसलेल्या मी तेवढ्या एकाच वेळी बघितल्या. जेवताना मात्र म्हणाल्या, "तशी फुलं टाकायची होती मला तिच्यावर. तयारी करून ठेवायला काय हरकत आहे? तयारी म्हणजे काही नेणं नव्हे."

तयारी सुरू झाली. हेलिकॉप्टर किती वजन उचलतं ते बघायचं होतं. पोटाखाली दोरा बांधून आधी लसणाची गड्डी, मग दोन गड्ड्या, मग लिंबू. लिंबू छान उचललं. आत्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला कठड्याबाहेर, गल्लीवरून एक फेरी मारायला नेलं. तिथे दोरा सुटला.

खाली शेवेच्या दुकानाचे शेठ नवी स्कूटर घेऊन नुकतेच आले होते. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून पूजा करावी म्हणून ते बायकोला हाक मारत होते, तेवढ्यात आभाळातून लिंबू आलं आणि सीटवर आपटून त्यांच्या पायाशी गडगडलं. शेठ वर बघेपर्यंत हेलिकॉप्टर आत आलं होतं. आम्ही कठड्याआडून बघत होतो. शेठांनी लिंबाकडे बघितलं, टेकडीवरच्या देवीच्या देवळाकडे बघितलं, आणि हात जोडले.

"मातारानी ने भेज दियो," ते बायकोला म्हणाले. "ऊपर से आयो. म्हारी आँख का सामने."

बायकोही हात जोडून उभी राहिली. दोन-चार माणसं जमली. कुणीतरी अगरबत्ती आणायला धावलं. मी आत्यांना म्हटलं, आता गप्प बसू या, कुणाचं काही बिघडत नाही. पण त्यांना ते पटेना. त्या खाली उतरल्या, गर्दीतून वाट काढत गेल्या आणि म्हणाल्या, "शेठ, लिंबू माझं आहे. दोरा सुटला. पूजा करायची तर करा, पण देवीच्या नावावर घालू नका."

शेठ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "आत्या, थारो हेलिकॉप्टर लिंबू उठा ले?"

"हो."

"आलू उठा लेगा?"

"छोटा उठाएगा."

शेठांनी त्याच संध्याकाळी दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत बटाटा उचलून बघायला लावला. बटाटा उचलला गेला नाही, पण शेठ कायमचे आत्यांचे झाले.

लग्नाला मीही आत्यांबरोबर गेले. निघताना त्यांच्याकडे तीन पिशव्या होत्या. एकीत साड्यांमध्ये गुंडाळलेला सांगाडा, दुसरीत पाती आणि रिमोट, तिसरीत लाडवांच्या डब्याशेजारी वेगळ्या डब्यात बॅटरी. मी त्यांच्याकडे बघितलं.

"यंत्र आणणार नाही असा शब्द दिलाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे यंत्र नाही. सुटे भाग आहेत."

इंदूरला गाडी बदलली. धारच्या बसमध्ये एक गृहस्थ धापा टाकत आले आणि पहिल्या पिशवीवर बसले. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. त्यांना वाटलं सीट मोडली. आत्यांनी त्यांना काही म्हटलं नाही, फक्त धार येईपर्यंत डोळे मिटून बसल्या. उतरल्यावर पिशवी चाचपून म्हणाल्या, "दोन्ही पाय गेले. बाकी कणा ठीक आहे."

लग्न मनावरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बागेत होतं, गोरज मुहूर्तावर. ऊन कलायला लागलं तशी वरात आली. गाड्या आल्या, ढोल आले, घोडीवर नवरदेव आला. गाड्यांतले सगळे उतरले. एक पांढरी गाडी मात्र फाटकाशीच उभी राहिली, काचा वर, दारं बंद. आत नवरदेवाची आजी बसली होती, आणि ती उतरत नव्हती.

थोड्या वेळाने कारण कळलं. नवरदेव खऱ्या हेलिकॉप्टरमधून येणार होता. भाड्याचं ठरलंही होतं. पण उतरवायची परवानगी वेळेत मिळाली नाही आणि आदल्या दिवशी सगळं रद्द झालं. आजीने तोवर मनावरमध्ये घरोघरी सांगून ठेवलं होतं. आता ती म्हणत होती, "मी सगळ्यांना हेलिकॉप्टर सांगितलं होतं. घोडीच्या मागे येऊन मी काय तोंड दाखवू? तुम्ही लावा लग्न. मी इथेच बसते."

आजीचा मुलगा जाऊन आला. सुना जाऊन आल्या. नवरदेव घोडीवरून उतरून गाडीच्या काचेशी वाकला. काच बोटभर खाली आली, काहीतरी बोलणं झालं आणि पुन्हा वर गेली. मुलाकडचे म्हणाले, आजींशिवाय लग्न उभं राहणार नाही. गुरुजी घड्याळ बघत होते. बाळकाकांचा चेहरा उतरला होता. ते आमच्याजवळून गेले, पुढे गेले, आणि परत आले.

"ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणलंयस का?"

"मी शब्द दिला होता ना तुला."

"ताई, आणलंयस का?"

"सुटे भाग आहेत," आत्या म्हणाल्या.

मी बाळकाकांना इतकं मोकळं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "जोड."

आचाऱ्याच्या मंडपामागे आम्ही बसलो. सांगाडा, मोटरा, पाती, सगळं आत्यांनी भराभर लावलं. पण पाय मोडले होते, आणि पायांशिवाय ते उतरणार कसं? आत्यांनी आजूबाजूला बघितलं. समोर कुल्फीवाल्याची गाडी होती.

"काड्या," त्या म्हणाल्या.

कुल्फीवाल्याकडे सुट्या काड्या नव्हत्या. सगळ्या कुल्फीत रुतलेल्या. "मग खा," आत्यांनी मला हुकूम दिला. मी आणि नवरीची मावसबहीण, शालू नेसून, डोकं दुखेपर्यंत कुल्फ्या खात होतो आणि काड्या चाटून देत होतो. आत्या त्या पदराला पुसून सुतळीने आणि चिकटद्रव्याने बांधत होत्या. शेवटी हेलिकॉप्टर चार केशरी-पिवळ्या पायांवर उभं राहिलं. आत्यांनी नवरीच्या खोलीतून मोगऱ्याचा एक गजरा मागवला आणि पोटाखाली दोऱ्याने बांधला.

मग त्या रांगोळीचा डबा घेऊन गाडीपासून बऱ्याच अंतरावर गेल्या आणि वर्तुळ काढलं. फोटोग्राफरला ती सजावट वाटली, तो मधोमध उभा राहायला गेला. बाळकाकांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "आत जायचं नाही. पाती फिरतात," ते म्हणाले, अगदी आत्यांच्याच आवाजात.

हेलिकॉप्टर उठलं. गजरा खाली झुलत होता. लोक बाजूला झाले आणि मोबाईल वर आले. त्याच क्षणी ढोलवाल्यांना चेव आला आणि ते पूर्ण ताकदीने वाजवायला लागले.

मी आत्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हेलिकॉप्टर एका बाजूला कलंडत होतं, सावरत होतं, पुन्हा कलंडत होतं. "ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. मला ओठांवरून कळलं. "मला ती ऐकू येत नाही." खाली माणसं होती, लहान मुलं होती. आत्या डोळ्यांनी बघून कधी उडवायला शिकल्याच नव्हत्या.

मी ओरडले, पण ढोलात माझं कोण ऐकणार? बाळकाकांनी बघितलं. कसं कोण जाणे, त्यांना कळलं. एवढा जपून चालणारा, चारचौघांत आवाज न चढवणारा माणूस, मुलीचा बाप, डोक्यावर फेटा, तो वरातीच्या मधून धावत गेला आणि त्याने ढोलाच्या कातडीवर आपले दोन्ही पंजे ठेवले. काठी त्यांच्या हातावर बसली. ढोल थांबला. दुसरा थांबला. ताशेवाला थांबला.

"माझ्या बहिणीला ऐकू द्या," ते म्हणाले.

सगळी बाग गप्प झाली. त्या शांततेत मोटरीचा आवाज उरला, बारीक, सलग. आत्यांनी डोळे मिटले. हेलिकॉप्टर सरळ झालं. ते सावकाश पुढे सरकलं, गाडीच्या काचेपासून लांब, आजीला दिसेल इतक्या उंचीवर थांबलं आणि तिथेच उभं राहिलं.

काच खाली आली. अर्धी, मग पूर्ण. जाड चष्म्याचा एक चेहरा बाहेर आला.

आत्यांनी हेलिकॉप्टर मागे घेतलं आणि वर्तुळात उतरवलं. कुल्फीच्या काड्या कुरकुरल्या, पण टिकल्या. तोवर गाडीचं दार उघडलं होतं आणि आजी कुणाचा हात न धरता चालत आली होती. वर्तुळाच्या काठाशी थांबली. पाती पूर्ण थांबल्यावरच वाकून गजरा सोडवला आणि स्वतःच्या अंबाड्यात खोवला.

"कोण चालवतंय हे?" तिने विचारलं.

"मी," आत्या म्हणाल्या.

आजीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. अंबाड्यातल्या स्क्रू-ड्रायव्हरवर नजर जरा थांबली. "मोठं नाही मिळालं?"

"मोठ्यात आपल्याला बसवतात. हे आपण चालवतो."

आजी विचारात पडली. गुरुजी घसा खाकरत होते. "मला येईल?" तिने विचारलं.

"कान चांगले आहेत का?"

"सुना म्हणतात, नको तितके चांगले आहेत."

"मग येईल. आधी लग्न लागू दे."

लग्न लागलं. मंगलाष्टकांच्या वेळी बाळकाका उजव्या पंजाला बर्फ लावून उभे होते. आत्या त्यांच्या शेजारी होत्या. अक्षता टाकताना त्यांनी थोड्या बाळकाकांच्या फेट्यावर टाकल्या. जेवणावळीत मुलाकडचे एकमेकांना सांगत होते, हेलिकॉप्टर आलं होतं, आजींना घ्यायला.

मनावरच्या आजीने आठवड्याभरात फोन केला. मग आत्यांच्या मनावरच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला दोन दिवस, मग आठवडा. आजीने नातवाकडून स्वतःचं हेलिकॉप्टर मागवून घेतलं, निळं. आत्यांनी ते आधी पूर्ण उघडून तिच्याकडून परत जोडून घेतलं. "जोडता येत नाही त्याने उडवू नये," असं त्यांचं म्हणणं. फोनवर दोघींचं चाललेलं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "चक्राला तेल नाही, ग्रीस. नाही हो, तूप अजिबात नाही."

हिवाळ्यात कारखान्याच्या कामाने मी मनावरकडे गेले तेव्हा आजीच्या शेतावर गेले. कापूस वेचून झालेला, मोकळा विस्तीर्ण माळ. मध्यभागी रांगोळीचं वर्तुळ आणि बाहेर दोन बायका. आजीचं ते पहिलं एकटीचं उड्डाण होतं. आत्या हात मागे बांधून उभ्या होत्या.

निळं हेलिकॉप्टर छान उठलं. छान पुढे गेलं. आणि पुढेच जात राहिलं.

"वळवा," आत्या म्हणाल्या.

"वळवतेय."

"उलटी काठी दाबलीत."

"मग आता?"

"आता पळा."

त्या पळाल्या. दोघी. साड्या गुडघ्यापर्यंत घेतलेल्या, चपला वाटेत सुटलेल्या, कापसाच्या पऱ्हाट्यांतून, बांधावरून. आजी पळता पळता रिमोटवर अंगठे दाबत होती आणि आत्या तिला मागून सूचना देत होत्या. मी दोघींच्या चपला गोळा करत मागे होते. रस्त्यावरून कापसाने शिगोशीग भरलेली एक ट्रॉली मंडीकडे चालली होती. हेलिकॉप्टर तिच्यावर गेलं, जरा डगमगलं, आणि पांढऱ्या ढिगाच्या मधोमध बसलं. पाती थांबली. ट्रॅक्टरवाल्याने मोठ्याने गाणी लावली होती. त्याला काही कळलं नाही. तो निळं हेलिकॉप्टर घेऊन निघून गेला.

आम्ही रस्त्याच्या कडेला पोचलो तेव्हा धूळ उरली होती. दोघी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या होत्या. आजीचा चष्मा नाकाच्या टोकाशी आला होता.

"मंडीत जाऊन आणवते मी," ती धापा टाकत म्हणाली. "पण कसं झालं ते सांगा. पहिलंच होतं माझं."

आत्यांनी श्वास घेतला, लांब जाणाऱ्या ट्रॉलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उतरलं मात्र मऊ."